परक्या चुलीपाशी उमेदवारी

अलीकडे आमच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विद्यार्थिवर्गात एक नवीन आकांक्षा उदय पावलेली दिसते. शालान्त परीक्षा उतरलेला मुलगा पूर्वी शिक्षक, तलाठी अथवा कारकून होऊ इच्छी, मुलगी परिचारिका किंवा शिक्षिका. सांप्रत त्यांपैकी काहीजण पाकशास्त्र शिकू म्हणतात. मुरबाडास रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही, तेव्हा तिकडील मुले एस.टी.ने कल्याण गाठतात, शहापूरकडील मुले आसनगावास लोकल धरतात, आणि ठाण्या-मुंबईच्या केटरिंग कॉलेजात नाव घालतात. या अभ्यासक्रमात काही महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. ती उमेदवारी परदेशी करावी, तेथे एखाद्या कुटुंबात राहावे, त्यांच्या घरचे अन्न खावे आणि त्यांच्याच खाणावळीत अथवा पथिकगृहात काम शिकावे, अशा प्रकारची बोलावणी आता आपल्या खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत येऊ लागली आहेत. मग आईबाप कागद घेऊन शिक्षकाकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, पाठवावे की न पाठवावे?"

या प्रश्नास आम्ही जे उत्तर देत आलो आहो ते येथे सविस्तर मांडण्याचा विचार आहे.

पालकांत दोन तट आढळतात. एका तटास या गोष्टीची लाज वाटते. "एवढे शिकवले ते काय परक्याच्या घरी भांडी घासायला?" असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या तटास लाज वाटत नाही. त्यांस केवळ डॉलर आणि युरो दिसतात, आणि मुलगा तेथे काय शिकणार हे विचारण्याचे त्यांस भान राहत नाही. आमच्या मते दोन्ही तट एकच चूक करतात: स्वयंपाक ही विद्या आहे हे दोघांसही मनापासून पटलेले नाही.

पहिल्या तटासाठी थोडे लिहिले पाहिजे. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत केटरिंग कॉलेज निघाले. हिंदुस्थानातील या प्रकारची ती पहिली संस्था होय. पुढे तिला दादरचे केटरिंग कॉलेज म्हणूनच लोक ओळखू लागले. तेव्हापासून दोन पिढ्या होऊन गेल्या, तरी चुलीपाशी उभा राहणारा पुरुष म्हणजे आचारी आणि स्त्री म्हणजे स्वयंपाकीणबाई, यापलीकडे आमची नजर जात नाही. फ्रान्सचा सुप्रसिद्ध पाकाचार्य ओग्युस्त एस्कोफिए हा तेराव्या वर्षी नीस येथे आपल्या काकांच्या भोजनगृहात उमेदवार म्हणून राहिला. काका होते म्हणून काही माया झाली नाही. भाजी आणण्यापासून वाढप्याच्या कामापर्यंत सर्व त्याला करावे लागले. आज जगभरच्या मोठ्या मुदपाकखान्यांत कामाची जी वाटणी असते, म्हणजे एकाकडे रस्से व सॉस, एकाकडे भाजणे, एकाकडे थंड पदार्थ, एकाकडे मिष्टान्न, ती पद्धत त्यानेच बसविली. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्याचे खलाशी व आचारी इंग्रजांच्या आगबोटींवरून साऱ्या जगभर फिरले. मुंबईस धोबीतलावाच्या बाजूस गावोगावच्या नावाने त्यांनी 'कूड' काढले. बोट लागेपर्यंत तेथे राहावे, गावच्याच माणसांत जेवावे, पेटी तेथेच ठेवावी आणि बोट मिळताच निघावे, अशी ती व्यवस्था. त्या मिळकतीवर किती घरे उभी राहिली, किती मुले शिकली, हे गोमंतकात कोणासही विचारावे. रांधण्यात कमीपणा असता तर ती माणसे ताठ मानेने गावी परतली नसती.

आणि विद्या म्हणाल तर ती आपल्या घरातही आहे. वळवाचा पाऊस पडून जमीन भिजली की आमच्या रानांत शेवळे उगवतात. ठाकूर व कातकरी बाया त्यांच्या जुड्या बांधून बाजारात बसतात. नवख्या माणसाने ते शेवळ नुसते शिजवून खाल्ले तर घसा असा खवखवतो की पुन्हा नाव घ्यावयाचा नाही. परंतु त्यात काकडाची आंबट फळे अथवा चिंच घातली, नीट निवडून परतले, की तीच भाजी लोक बोटे चाटून खातात. खवखव का होते? शेवळात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात म्हणून. आंबट कशास घालावयाचे? तर खाज मारण्यास. कडू कंदाचेही तसेच: उकडून, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवल्याखेरीज तो पोटात घालू नये. हे आमच्या आजीबाईंनी कोणत्या प्रयोगशाळेत शिकले? पण हेच ज्ञान दुसऱ्या देशात कोणी पांढरी टोपी घालून सांगितले की आम्ही टाचण करून घेऊ लागतो. ज्या मुलाच्या घरी हे आहे त्याने परदेशी जाताना आपण रिकाम्या हाताने चाललो असे समजू नये. या मुद्द्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

आता मुख्य प्रश्न. उमेदवाराने मोठ्या हॉटेलात राहणे निराळे आणि कुटुंबात राहणे निराळे. हॉटेलात तो नोकरवर्गातील एक असतो. घंटा वाजली की काम सुरू, घंटा वाजली की बंद. कुटुंबात घंटा नसते. तेथे तो कोण? पाहुणा म्हणावे तर पाहुण्याची आपल्याकडे मुदत ठरलेली आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. नोकर म्हणावे तर तो शिकावयास आला आहे. घरचा मुलगा म्हणावे तर रागावण्याचा, रुसण्याचा, ताटावरून उठून जाण्याचा जो हक्क घरच्या मुलास असतो तो त्याला नाही.

ही स्थिती आपल्या लोकांस अपरिचित आहे असे नव्हे. पुण्यासारख्या विद्येच्या गावी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरांत ठरलेले. कित्येक घरांत त्या मुलास पंक्तीला बसवून आग्रहाने वाढीत. कित्येक घरांत त्याच्या ताटात उरलेसुरले पडे, आणि जेवण होताच "जरा एवढा दळणाचा डबा टाकून ये" म्हणून फर्मान सुटे. तो 'नाही' कसा म्हणणार? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. अन्न फुकट होते, म्हणून त्याची किंमत ठरलेली नव्हती, आणि किंमत ठरलेली नसल्यामुळे ती कधी फिटतही नसे. वार लावून जेवलेल्या पिढीतील पुष्कळ मोठी माणसे पुढे झाली. त्यांनी त्या अन्नदात्यांचे उपकार आयुष्यभर स्मरले; परंतु एखाद्या घरचा तो वार उजाडला की पोटात गोळा येई, हेही त्यांतील काहींनी लिहून ठेवले आहे.

युरोपातील लोकांस हाच पेच पडला. तेथे तरुण मुलींनी दुसऱ्या देशातील कुटुंबात राहावे, घरकामास हात लावावा, मुलांकडे पाहावे आणि तेथील भाषा शिकावी, अशी जुनी चाल आहे. तिला 'ओ पेअर' म्हणतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'बरोबरीने' असा होतो. परंतु नाव बरोबरीचे आणि वागणूक मोलकरणीची असे होऊ लागल्यामुळे युरोपीय परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्त्रासबुर्ग येथे या विषयावर एक करार तयार केला. अशी व्यक्ती धड विद्यार्थीही नव्हे आणि धड कामगारही नव्हे, तर दोहोंचे काही गुण असलेली तिसऱ्याच वर्गातील होय, असे त्यात मोकळेपणाने मान्य केलेले आहे. दिवसाला कामाचे तास साधारणतः पाचांहून अधिक नसावेत. आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा असावा आणि महिन्यातून निदान एकदा तो दिवस रविवार असावा. उभयपक्षांचे हक्क आणि कर्तव्ये लेखी असावीत व तो लेख शक्य तर माणूस आपला देश सोडण्यापूर्वीच व्हावा, इत्यादी कलमे त्यात आहेत. थोड्याच राष्ट्रांनी हा करार पुरता स्वीकारला हे खरे. तरी त्यातील शेवटचे कलम आम्हांस लाख मोलाचे वाटते. देश सोडण्यापूर्वी! विमानात बसल्यावर जो कागद पुढे येतो त्यावर सही न करण्याचे स्वातंत्र्य कोणास उरते?

परक्या घरात राहून शिकण्याचा आपल्या बाजूचा सर्वांत थोर दाखला म्हणजे आनंदीबाई जोशी यांचा. पाकशास्त्रासाठी नव्हे, वैद्यकासाठी त्या गेल्या. परंतु यजमानाचे घर कसे असावे आणि परदेशी अन्नाची आबाळ काय करू शकते, या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात जशा दिसतात तशा अन्यत्र क्वचितच. त्यांचे माहेर कल्याणचे. ज्या कल्याणहून आमची मुरबाडची एस.टी. सुटते तेच हे कल्याण. त्यांचे पती गोपाळराव कोल्हापुरास असता त्यांनी पत्नीच्या शिक्षणाविषयी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेत 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापला गेला. मासिकाच्या संपादकांनी, वाइल्डरसाहेबांनी, धर्मान्तराची सूचना केली. गोपाळरावांस ती मान्य नव्हती, आणि प्रकरण तेथेच थांबावयाचे. परंतु न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तेथे पडलेला तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी आपण होऊन पत्र घातले. पुढे तीन वर्षे पत्रे गेली-आली. दोघींनी एकमेकींस पाहिलेले नसता आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या होत्या.

१८८३ च्या एप्रिलात, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यू यॉर्क बंदरात उतरल्या. कार्पेंटरबाई धक्क्यावर उभ्या होत्या. रोझेलच्या त्या घरात आनंदीबाईंनी उन्हाळा काढला. लुगडे नेसून, कुंकू लावून, मांसास न शिवता त्या तेथे राहिल्या आणि यजमानांनी त्यांच्या आचारात हात घातला नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या पद्धतीचे जेवण रांधून यजमानांस वाढण्याचाही प्रसंग त्या घरात झाला. कार्पेंटरबाई निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. तरी आतिथ्याचा मोबदला म्हणून त्यांनी धर्म मागितला नाही. मिशनच्या शाळेत शिकून मिशनच्याच शाळेत शिकविणाऱ्या आम्हांस, वाइल्डरसाहेबांच्या अटीपेक्षा कार्पेंटरबाईंच्या त्या मोकळ्या दारात ख्रिस्तीपण अधिक दिसते, हे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

मग शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्या, आणि तेथे मावशीचे घर नव्हते. थंडी कडाक्याची, खोलीत ऊब अपुरी, आणि अभ्यास सांभाळून स्वतःचे अन्न स्वतःच शिजवावयाचे. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली आणि न्यू यॉर्क प्रांतात पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. पाहुणी म्हणून आलेल्या परजातीच्या, परधर्माच्या मुलीस आपल्या पूर्वजांच्या ओळीत जागा देणारे यजमान! असे घर लाभेल तर आम्ही कोणत्याही मुलीस उद्या सकाळी पाठवू. परंतु प्रत्येक घर असे असते, असे धरून चालता येत नाही. आणि आनंदीबाईंनाही हे घर तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराने लाभले, तीन दिवसांत दलालाने मिळवून दिले नाही.

पंडिता रमाबाई त्याच १८८३ साली इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथे भगिनीमंडळाच्या आश्रयाने राहिल्या. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा हा हट्ट कशासाठी, अशी कुरकुर यजमान भगिनींत झाली, हे त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसते. धर्म एक झाला तरी ताट एक झाले नाही. रमाबाईंसारख्या तेजस्वी स्त्रीलाही ताटाबद्दल वाद घालावा लागला, तर आमच्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांची काय कथा? ते लाजेने मुकाट्याने खातील नाहीतर मुकाट्याने उपाशी राहतील. आम्ही मुलांस सांगतो, काय खाता आणि काय खात नाही हे पहिल्याच पत्रात लिहा. पाकशास्त्राच्या विद्यार्थ्यास तर हा प्रश्न दुहेरी आहे. जे आपण खात नाही ते शिजवावे लागेल काय, चाखावे लागेल काय? गोमांस, डुकराचे मांस, मद्य घातलेले रस्से हे तेथील पाकशाळेतील रोजचे पदार्थ होत. याचा निकाल ज्याचा त्याने आपल्या मनाशी आधी करावा. तेथे जाऊन करू म्हणू नये.

आता आजचे कायदे. अमेरिकेत अशा उमेदवारीसाठी जे-१ नावाचा परवाना मिळतो. कॉलेजात शिकत असलेल्या अथवा पदवी मिळून बारा महिने न झालेल्या तरुणास तो जास्तीत जास्त बारा महिन्यांचा मिळतो. काय शिकविणार याचा लेखी आराखडा करून त्यावर उमेदवार, शिकविणारी संस्था आणि पुरस्कर्ती संस्था अशा तिघांच्याही सह्या लागतात. हॉटेलधंद्यातील उमेदवारी सहा महिने वा त्याहून अधिक असेल तर निदान तीन निरनिराळ्या विभागांत वा कामांत फिरविले पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे सहा महिने एकट्या मोरीपाशी उभे करता येत नाही. बिनकसबी मोलमजुरी व मुले-म्हातारे सांभाळण्याचे काम तर या परवान्यावर चालतच नाही. जर्मनीत आचाऱ्याची रीतसर उमेदवारी तीन वर्षांची असते. आठवड्याचा काही वेळ शाळेत, उरलेला प्रत्यक्ष पाकशाळेत, आणि दरमहा विद्यावेतन. त्यासाठी जर्मन भाषा बऱ्यापैकी यावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याबाबत करार केला. त्यात सुमारे १०,००० तरुण पाठविण्याचा संकल्प असून आचाऱ्यांचाही समावेश आहे. तेव्हापासून आमच्याकडेही जर्मनीचे नाव प्रत्येकाच्या तोंडी झाले.

परंतु त्याच जर्मनीत 'ओ पेअर'चा परवाना अगदी निराळा आहे. तो सत्तावीस वर्षांखालील तरुणांसाठी. आठवड्यास तीस तासांपर्यंत मुलांकडे पाहणे व हलके घरकाम, स्वतंत्र खोली, आणि हातखर्चास दरमहा २८० युरो. तो भाषा शिकण्यासाठी आहे, पाककला शिकण्यासाठी नव्हे. येथेच गोम आहे. दलाल दोन्ही एकात कालवून सांगतो. "कुटुंबात राहायचे, स्वयंपाक शिकायचा, वर पगार," असे तो म्हणतो. पालकांनी विचारावे, "परवाना कोणता?" या एका प्रश्नाने अर्धी दलाली उघडी पडते. परवाना घरकामाचा असेल तर त्यावर पाकशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि परवाना शिक्षणाचा असेल तर यजमानाची मुले सांभाळणे हे मुलाचे काम नव्हे.

आमच्याकडील एक मुलगा असाच गेला होता. देशाचे आणि माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कागदावर पाकशिक्षण होते. प्रत्यक्षात एका कुटुंबाचे लहानसे पथिकगृह. तेथे सकाळी बटाटे सोलणे, दुपारी भांडी, सायंकाळी यजमानांच्या दोन मुलांस आंघोळ घालून झोपविणे. वडिलांनी त्यासाठी रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा गहाण टाकला होता. यजमान दुष्ट होते असे मुळीच नव्हे. यजमानीणबाईंनी त्याला स्वतःच्या हाताने लोकरीची टोपी विणून दिली; ती तो अद्याप वापरतो. "तू आमच्या घरचाच," असे ती दोघे त्यास वरचेवर म्हणत, आणि जितक्या वेळा म्हणत तितके काम वाढे. परत आल्यावर आम्ही विचारले, काय शिकलास? तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "त्यांच्या घरातल्या प्रत्येक भांड्याची जागा."

'घरचाच' हा शब्द आम्हांस यास्तव तपासून घ्यावासा वाटतो. घरचा म्हणजे काय? यजमानांचा त्याच वयाचा मुलगा अथवा मुलगी जे काम विनामूल्य करते ते काम उमेदवारानेही विनामूल्य करावे. स्वतःचे ताट धुणे, अंथरूण घालणे, केर काढणे, एखाद्या संध्याकाळी सर्वांसाठी मेज मांडणे. यात कमीपणा मानणारा मुलगा आमच्या मते जाण्यास लायकच नाही. (येथे आमच्या मुलग्यांस उद्देशून थोडे कडू बोलावे लागते. ज्याने जन्मात आपले उष्टे ताट उचललेले नाही, बहिणीने उचलले, आईने उचलले, तो पाकशास्त्राचा पदवीधर होऊन परदेशी जातो आणि पहिल्याच रात्री त्याची पंचाईत होते. ते शिक्षण परदेशी यजमानिणीकडे सोपविण्यापेक्षा शहापुरातच उरकून घ्यावे.) परंतु घरचा मुलगा जे काम करीत नाही ते काम करवून घ्यावयाचे असेल, तर ते काम आहे; त्यास तास असावेत आणि दाम असावा. आणि घरचाच म्हणावयाचे तर दोन्ही बाजूंनी म्हणावे. त्याला दाराची किल्ली द्यावी. ताप आला तर त्याने अंथरुणावर पडून राहावे आणि कोणी पेज आणून द्यावी. रविवारी त्याला देवळात, मशिदीत, चर्चमध्ये अथवा नुसते नदीकाठी जाता यावे.

पासपोर्टाचे एक सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी अज्ञान फार. 'सुरक्षित ठेवतो' म्हणून दलाल किंवा यजमान तो मागून घेतात. १९६७ च्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ज्याच्या नावाचा आहे त्याच्याजवळ तो राहिला पाहिजे, आणि तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणाही खासगी माणसास नाही. मुलींच्या आईबापांनी तर हे वाक्य मुलीकडून पाठ करून घ्यावे. पैशाचेही तसेच. परदेशी नोकरीस माणसे पाठविणाऱ्यास १९८३ च्या कायद्यान्वये सरकारात नोंदणी करावी लागते आणि त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणून पुष्कळ दलाल स्वतःस दलाल म्हणवीतच नाहीत. 'शिक्षण-सल्लागार' म्हणवितात आणि लाखांच्या गोष्टी करतात. आमच्या तालुक्यांत त्यांचे पाऊल वाजू लागले याचे कारण उघड आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटला टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. रस्त्यासाठी जमिनी गेल्या, काहींच्या हाती मोबदला आला, उरलेल्या जमिनींचे भाव चढले. जेथे जमीन पैशात रूपांतर पावते तेथे त्या पैशास वाट दाखविणारे आपण होऊन येतात. तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते, हे दुःख आम्ही रोज पाहतो. आता जमीनही जावी, तिचा पैसाही जावा आणि मुलाने हात हलवीत परत यावे, हे सोसण्यासारखे नाही.

इतके सांगूनही आमचे उत्तर 'पाठवू नये' असे नाही. ते 'पाठवावे' असेच आहे. हॉटेलच्या पाकशाळेत जे शिकता येत नाही ते कुटुंबात शिकता येते. तेथील लोक पाहुण्यास काय वाढतात ते हॉटेलात दिसते; ते स्वतः काय खातात ते घरातच दिसते. शिळ्या पावाचे काय करतात, हाडांचा रस किती वेळ आटवितात, हिवाळ्यासाठी कोबी मीठ घालून कसा आंबवितात, आठवड्याच्या खर्चाचा मेळ यजमानीण कसा घालते, मुलांस काय देत नाही, हे कोणत्या पुस्तकात सापडणार? आणि ज्याने आपल्या घरी खारवलेली कैरी, वाळवलेले वाल, सुकट आणि नाचणीची आंबील पाहिली आहे, त्याला तो आंबवलेला कोबी परका वाटणार नाही. तो लगेच म्हणेल, हे आमच्याकडेही आहे, मात्र निराळ्या रीतीने. तेथे विद्येची देवाणघेवाण सुरू होते आणि तेथेच 'बरोबरीने' या शब्दास अर्थ येतो.

यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी स्वतःची चूल शिकावी, असा आमचा आग्रह आहे. केटरिंग कॉलेजचे शिक्षण घेतलेल्या कित्येक मुलांस पाश्चात्त्य सॉसची पाच नावे तोंडपाठ येतात. पण तांदळाची भाकरी थापता येत नाही, शेवळाची खाज कशी मारावी ठाऊक नाही, वरीचा भात मोकळा होत नाही. यजमानीण जेव्हा म्हणेल, "आज तुमच्याकडचे काही करून दाखव," तेव्हा हा काय करणार? बाजारच्या पुडीतला मसाला आणि पनीर! तसे पाहता दोष त्याचाच नाही. पावसाळ्यात माळशेज घाट पाहावयास मुंबईचे लोक मुरबाडावरून जातात, माहुलीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. त्यांच्यासाठी निघालेल्या बहुतेक खाणावळींच्या फळ्यांवर पंजाबी आणि चिनी पदार्थांची नावे आणि मागच्या रानात करटोली, टाकळा व भारंगी उभी. परदेशी उमेदवारी करून आलेल्या एखाद्याने जर परत येऊन या रस्त्याकडेस आपल्या रानभाज्यांची स्वच्छ, नेटकी, ठरल्या वेळी वाढणारी खाणावळ काढली, तर त्याच्या बापाने गहाण टाकलेला तुकडा सुटेल आणि रानातून भाजी आणणाऱ्या बाईस चार पैसे जास्त मिळतील. नेटकेपणा, वेळ आणि हिशेब या तीन गोष्टी तेथून आणाव्यात. चव आमच्याकडे आहे.

मुरबाडकडील आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या शेवटल्या वर्षात आहे. तिला असेच एक बोलावणे आले असून तिने आणलेला कागद आम्ही वाचला. खोली, हातखर्च, विम्याची तरतूद, सर्व होते. कामाचे तास मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. आम्ही तिला यजमानांस चार ओळींचे पत्र घालण्यास सांगितले: रोज किती तास, सुट्टी कोणत्या दिवशी, कोणत्या विभागात किती आठवडे, आणि मी मांस खात नाही, तरी मला स्वतःपुरते वेगळे शिजविण्यास चूल मिळेल काय? तिचे वडील घाबरले. "असे विचारल्यावर ते 'येऊ नको' म्हणतील," असे त्यांचे म्हणणे. म्हणतील तर म्हणोत. इतक्या प्रश्नाने जे दार बंद होते ते कार्पेंटरबाईंचे दार नव्हे. पत्र गेले आहे; हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

इतर पालकांस इतकेच कळवावयाचे की, असे कागद इंग्रजीत अथवा जर्मनमध्ये असतात आणि दलाल त्यांतील सोयीचेच वाचून दाखवितो. रविवार सोडून कोणत्याही सायंकाळी शाळेत आल्यास आम्ही ते ओळीनओळ मराठीत समजावून देऊ. मात्र कागद पैसे भरण्यापूर्वी आणावेत, आणि मुलास किंवा मुलीस बरोबर आणावे. जो जाणार आहे त्याच्या पाठीमागे बोलणे आम्हांस योग्य वाटत नाही.